चाळिशीनंतर फार्मसीकडे वळणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग हवेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पतसंस्थेतली कारकुनी सुटली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. कधीकाळी जीवशास्त्र घेऊन केलेली बारावी, एवढ्याच भांडवलावर डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या पदविकेला, प्रवेश घेतला आणि आज साताऱ्यातल्या एका मेडिकलमध्ये रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणून काम करते. याच वाटेने येऊ पाहणारे कितीतरी जण मला काउंटरवर भेटतात. कोणाची कंपनी बंद पडली, कोणाची मुले शिकायला बाहेरगावी गेली, कोणाला सासऱ्यांच्या दुखण्यात औषधांची माहिती होत गेली. "ताई, या वयात घेतात का हो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. घेतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित असले की पुरते. सीईटी नसते, बारावीच्या गुणांवर यादी लागते, आणि वय आड येत नाही. आड येते ते कॉलेजचे वेळापत्रक, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. थिअरीला आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळी ७५ टक्के हजेरी लागते. ती झाली की रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये ५०० तासांचे प्रशिक्षण, तेही किमान तीन महिन्यांचे. माझ्या वर्गातली मुले मला काकू म्हणत आणि रसायनशास्त्राच्या पाठांतरात माझ्या फार पुढे असत. अभ्यास मात्र होतो, हे मी खात्रीने सांगते. फार्माकॉलॉजीतले, म्हणजे औषधे शरीरात काय करतात त्या विषयातले, एखादे औषध आपल्या आईने किंवा शेजारच्या आजींनी वर्षानुवर्षे घेतलेले असते, मग ते विसरायला होत नाही. अवघड होते ते दिवसभर कॉलेजात बसणे. घरात दुसरा पगार होता म्हणून मला ते जमले. ज्याच्या एकट्याच्या कमाईवर घर चालते त्याने दोन वर्षे बिनपगारी काय म्हणून काढायची?

नेमक्या याच माणसाला गाठणारे लोक आहेत. "तुम्ही फक्त फी भरा, परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो," असे मला प्रवेश घेण्याआधी एका कॉलेजच्या माणसाने तोंडावर सांगितले होते. हे ऐकून मोहात पडणाऱ्याची अडचण मला समजते, तरी या मार्गाने कोणी जाऊ नये असे कळकळीने सांगावेसे वाटते. भिंतीवर सर्टिफिकेट एकाचे आणि काउंटरवर दुसराच, हा प्रकार आपल्याकडे गावोगाव चालतो. त्यात भर पडते ती अशाच, न शिकता मिळालेल्या पदविकांची.

न शिकता काउंटरवर उभे राहिले तर काय होते, याचे एक उदाहरण देते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट असते आणि त्याच्या सिरिंजला लाल टोपण असते. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. एका आजींची साखर काही केल्या उतरत नव्हती, डॉक्टर डोस वाढवत होते. त्यांच्या मुलाला मी घरातली सिरिंज घेऊन यायला सांगितली, तर ती केशरी टोपणाची निघाली. वीसच्या खुणेपर्यंत भरले तरी आजींच्या अंगात आठच युनिट जात होते. हीच चूक उलटी झाली, म्हणजे १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले, तर अडीचपट डोस जातो आणि साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. सिरिंज कुठून आणली, कोणी दिली, यात मी गेले नाही. देणाऱ्याला फरक माहीत नव्हता एवढे उघड आहे.

संधिवातावरच्या मेथोट्रेक्झेटच्या गोळीचेही तसेच. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, जिवावर बेतते. मी पाकिटावर वार लिहून देते, आणि घरात गोळ्या काढून देणारे जे कोणी असेल त्यांच्याकडून तो वार वदवून घेते. स्टेरॉइडचा इन्हेलर ओढल्यावर चूळ भरायची, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि लोहाची गोळी तिच्याबरोबर घ्यायची नाही, हे सांगायला मिनिटही लागत नाही. पण ते कोणीतरी सांगावे लागते, आणि ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याचा भरवसा वाटावा लागतो.

इथे वयाचा उपयोग होतो. गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल, अंगावरून पांढरे जाण्याबद्दल, रजोनिवृत्तीच्या त्रासाबद्दल बायका विशीतल्या मुलाला विचारत नाहीत. माझ्याजवळ गर्दी ओसरेपर्यंत थांबतात आणि हळू आवाजात विचारतात. त्यांतल्या कित्येकींना मी डॉक्टरकडे पाठवले आहे, नाहीतर त्या नुसते मलम घेऊन गेल्या असत्या. ज्या माणसाने घरात एखादे मोठे आजारपण काढले आहे त्याला समोरच्याची घालमेल सांगावी लागत नाही.

आणि मध्यमवयात या व्यवसायात यायला सर्वांत लायक माणसे तर आधीपासूनच काउंटरमागे उभी आहेत. पंधरा-वीस वर्षे मेडिकलमध्ये काम केलेले, कोणते औषध कोणत्या खणात आहे ते डोळे मिटून सांगणारे, डॉक्टरांचे अक्षर लागणारे मदतनीस. त्यांतले कित्येक बारावी सायन्स झालेले आहेत. १९४८ च्या फार्मसी कायद्याने फार्मासिस्टांचे पहिले रजिस्टर तयार केले तेव्हा पाच वर्षे औषधे बनवून देण्याचे काम केलेल्या कंपाउंडरांनाही त्यात नाव नोंदवता आले होते. ती सवलत परत आणा असे मी म्हणणार नाही. तेव्हाची मिश्रणे आणि आजची औषधे यांत फार अंतर आहे, आणि ब्रँडची नावे पाठ असणे म्हणजे दोन औषधे एकत्र घेतल्यावर काय होईल ते कळणे नव्हे. त्यांना शिकवावेच लागेल. पण शिकायची सोय तर द्या!

महाराष्ट्रात रात्रशाळांची मोठी परंपरा आहे. गिरण्यांत राबणारे लोक मुंबईत रात्री शिकले. अभियांत्रिकीत नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग घ्यायला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मुभा दिलेली आहे. फार्मसीतही तसे व्हावे. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन डी.फार्म. नको, कारण प्रयोगशाळेशिवाय आणि रुग्णासमोर उभे राहिल्याशिवाय हे काम येत नाही. तास तेवढेच, हजेरी तेवढीच, परीक्षा तीच. फक्त वर्ग संध्याकाळी, प्रॅक्टिकल रविवारी, आणि दोनाऐवजी तीन वर्षांची मुदत. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०२२ मध्ये डी.फार्म.साठी एक्झिट परीक्षेचे, म्हणजे पदविकेनंतर आणि नोंदणीआधी द्यायच्या परीक्षेचे, नियम केले आहेत. संध्याकाळचा विद्यार्थी त्याच परीक्षेला बसला तर दर्जा घसरेल ही भीती राहत नाही.

सरकारी नोकरीचाही विचार व्हावा. राज्याच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा असल्याने, उशिरा पदविका घेणाऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातले औषध निर्माण अधिकाऱ्याचे पद जवळपास बंदच असते. खासगी मेडिकलमधला पगार बेताचा आहे, माझा तर पतसंस्थेतल्यापेक्षा कमी आहे. निदान कंत्राटी पदांसाठी तरी ही अट सैल करायला काय हरकत आहे?

एक सूचना मी मुद्दाम करते. मदतनिसांचे ५०० तास त्यांच्या स्वतःच्या मालकाच्या दुकानात मोजू नयेत. तिथे सही कशी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. ते तास सरकारी रुग्णालयाच्या औषध विभागात, रविवारी आणि सुटीच्या दिवशी करून घ्यावेत. कौन्सिलने नियम बदलावा, राज्य तंत्रशिक्षण मंडळाने वेळापत्रक आखावे, आणि सुरुवात शासकीय फार्मसी कॉलेजांतून करावी. कराडला, रत्नागिरीला, अमरावतीला, छत्रपती संभाजीनगरला ती आहेत. आमच्या दुकानातला मदतनीस एकोणचाळीस वर्षांचा आहे आणि कराडला संध्याकाळचा वर्ग निघाला तर पहिल्याच यादीत अर्ज करणार आहे.

आपली,
एक फार्मासिस्ट, सातारा