घाटासाठी मागे ३४ चीच कॅसेट लाव

सातारा,
भर श्रावण

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा आलं. सायकल घेतलीस आणि पाऊस ओसरला की यवतेश्वरचा घाट चढायला येतोस, हे वाचून किती बरं वाटलं सांगू! पण पुढच्या दोन चक्र्यांना ५२-३६ दात आणि मागच्या चक्र्यांच्या जुडग्याला, म्हणजे कॅसेटला, ११-२८, हे आकडे वाचले आणि थांबलो. दुकानातला माणूस म्हणाला ना, 'तरण्या माणसाला एवढं बास'? मलाही पहिली सायकल घेताना हेच सांगितलं होतं. म्हणून तर हे लांबलचक पत्र.

माझ्या त्या सायकलला पुढे ५३-३९ होतं, मागे ११-२५. समर्थ मंदिर मागे पडून चढ लागला की दोन-चार मिनिटांत गिअर संपायचे. लिव्हर दाबत राहायचो, चेन मात्र कधीचीच शेवटच्या चक्रीवर. मग उभं राहून एकेक पेडल खाली ढकलायचं. दम टिकायचा, पण मांड्या भरून यायच्या. असं एक वर्ष काढलं आणि डावा गुडघा धरला. जिना उतरताना वाटीखाली सुई टोचल्यासारखं व्हायचं. चार महिने सायकल भिंतीला टेकून होती. रोज तिच्याकडे बघत ऑफिसला जायचो, ते दिवस अजून विसरलो नाही.

नंतर वही घेऊन हिशोब मांडला. ३९ ला २५ ने भागलं की १.५६, पेडलच्या एका फेरीत मागचं चाक तेवढं फिरतं. आपल्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ ३.३ मीटर पुढे जाते. आता ८ टक्क्यांचा चढ धर, १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो. तिथे मिनिटाला नुसत्या ६० फेऱ्या मारायच्या तरी हे वजन वर उचलायलाच २२० वॅट लागतात. माझं शरीर सलग तासभर १६० च्या आसपास देतं. मग फेऱ्या ४०-४५ वर येतात आणि कमी पडलेल्या प्रत्येक फेरीचा भार गुडघ्यावर पडतो. पुढे ३४, मागे ३४ असेल तर एका फेरीला २.१ मीटर, त्याच ६० फेऱ्यांना १४० वॅट. वेग ताशी साडेसात किलोमीटर. पण बसून, श्वास सांभाळत, वरपर्यंत.

तू लिहिलंस की एवढा हलका गिअर लावायला लाज वाटते. गड्या, टूर द फ्रान्स शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगीच नव्हती. घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचं आणि उलटं बसवायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूची चक्री मिळायची. त्या काळच्या कसलेल्या गड्यांनाही चढावर हलका गिअर हवाच होता. आपण कशाला लाजायचं?

आता तुझ्या सायकलचं. पुढच्या चक्र्या लगेच बदलू नकोस, तो खर्च मोठा. आधी मागे ११-३४ लाव. ३६ ला ३४ म्हणजे १.०६, पुष्कळ झालं. मात्र त्याआधी मागच्या डिरेलरची केज, म्हणजे चेन ताणून धरणारी खालची दांडी, बघ. तुझं डिरेलर शिमानोचं १०५ आर७००० आहे म्हणालास. त्यात आखूड केजचं ३० दातांपर्यंतच चालतं, लांब केजचं ३४ पर्यंत. पुढचा फरक १६, मागचा २३, बेरीज ३९. लांब केजची चेनचा ढिलेपणा ओढून घेण्याची क्षमताही बरोबर ३९. आखूड निघालं तर डिरेलरही बदलावं लागेल, तिथे पैसे वाचवू नकोस. चेन नवी आणि जरा लांब घे. जुनी ठेवलीस आणि चुकून दोन्हीकडच्या मोठ्या चक्र्यांवर गेली, तर डिरेलरच मोडेल. आणि शिमानोची एचजी७०० किंवा एचजी८०० कॅसेट घेतलीस तर ११-स्पीडच्या हबवर, म्हणजे मागे ११ चक्र्या बसणाऱ्या चाकाच्या तुंब्यावर, तिच्यामागे १.८५ मिलिमीटरची रिंग लागते. मिस्त्रीला आठवण कर.

एक तोटा आहे, तोही सांगतो. ११-३४ मध्ये १२, १४, १६ च्या चक्र्या नसतात. तुमच्या सांगलीत विश्रामबागहून हरिपूरला जाताना, सपाट रस्त्यावर समोरून वारा असला की दोन गिअरांमधलं अंतर जाणवेल. पाय एकदा जड, एकदा मोकळा. महिनाभरात सवय होते, माझी झाली. मोठ्या गिअरची काळजी करू नकोस. ५२-११ वर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी पन्नासाच्या वर जाशील, आणि आमच्या उतारावर मी तर पेडल मारतच नाही, दोन्ही हात ब्रेकवर.

सध्या घाटात दिवसभर धुकं आहे आणि कडेला शेवाळ. ओल्या चढावर उभं राहिलं की मागचं चाक जागीच फिरतं. हलका गिअर असला की बसून राहता येतं, वजन मागच्या चाकावर राहतं. हे मला पावसानेच शिकवलं.

तोवर तुमच्याकडच्या दंडोबाच्या डोंगरावर जाऊन ये. कॅसेट बसल्यावर तिथला चढ बसूनच चढ आणि मिनिटाच्या फेऱ्या मोज. साठाच्या खाली गेल्या तर मला कळव, मग पुढे ५०-३४ चा विचार करू.

येताना शनिवार-रविवार टाळ, कासच्या फुलांच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते. पहाटे साडेपाचला राजवाड्यापासून निघू. कास सुमारे २५ किलोमीटर, घाईचं काही कारण नाही. उतरल्यावर कंदी पेढे माझ्याकडून.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच मित्र

ता. क. : केजचा फोटो काढून पाठव. कॅसेटची ऑर्डर त्यानंतरच दे.