दोन तारे आणि एक पट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत लष्करी प्रबोधिनीतल्या प्रशिक्षणावर लेख आला आहे. मेहनतीने लिहिलेला आहे. पण उद्या अधिकारी होणाऱ्या मुलांवर साध्या हवालदाराने आवाज चढवावा, याचं लेखकाला फार नवल वाटलेलं दिसतं. त्या ‘साध्या’वर मी अडलो. मी २८ वर्षं पायदळात काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मधली तीन वर्षं कॅडेटांना ड्रिल शिकवण्यात गेली, तेव्हा मी तोच साधा हवालदार होतो.

आधी कागदावरचं सांगतो. कॅडेटकडे कमिशन, म्हणजे नेमणुकीची सनद, नसतं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षं आणि मग डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत एक, किंवा पदवीनंतर थेट डेहराडून नाहीतर चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी. वाट कुठलीही असो, शेवटच्या संचलनानंतर खांद्यावर तारे चढतात तेव्हा तो लेफ्टनंट होतो. आदल्या रात्रीसुद्धा तो अधिकारी नसतो. डेहराडून-चेन्नईला महिना ५६,१०० रुपये मिळतात, लेफ्टनंटच्या सुरुवातीच्या मूळ पगाराइतकेच, म्हणून घरच्यांना वाटतं पोरगा साहेब झाला. ते विद्यावेतन असतं. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी परतलेल्या मुलांना तर माजी सैनिकाचा दर्जाही मिळत आलेला नाही. त्यांच्या हालांची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये स्वतःहून दखल घेतली. इतकी ही मुलं अधांतरी असतात.

प्रबोधिनीत कॅडेटांनाही पदं देतात. खडकवासल्याला कॅडेट कॅप्टन, डेहराडूनला अंडर ऑफिसर. नावं भारदस्त, पण हुकूम चालतो तो कॅडेटांवरच. एनसीसीतही तेच. एका शिबिरात एक सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटच, पीआय स्टाफमधल्या (लष्कराकडून शिकवायला आलेल्या) हवालदाराच्या सॅल्यूटची वाट बघत बराच वेळ ताठ उभा होता. हवालदाराने शांतपणे विचारलं, “बेटा, कुछ चाहिए?”

आता आमची बाजू. आर्मी ॲक्ट, १९५० मध्ये ‘सुपीरिअर ऑफिसर’ची व्याख्या आहे, तीत जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) येतात आणि एनसीओही (नायक, हवालदार वगैरे) येतात. म्हणजे हवालदाराचा अधिकार कुणी मेहेरबानीने दिलेला नाही. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर यांच्याकडे तर स्वतःचं कमिशन असतं. इंग्रजांच्या काळात त्याला व्हाइसरॉयचं कमिशन म्हणत. पलटणीत बऱ्याचशा प्लाटून आजही तेच सांभाळतात, आणि कर्नलसुद्धा त्यांना ‘साहब’ लावूनच हाक मारतो. संजय कुमार यांनी १९९९ साली कारगिलमध्ये रायफलमन असताना परमवीर चक्र मिळवलं. २०२२ साली त्यांना सुभेदार मेजरची बढती मिळाली तेव्हा ते खडकवासल्याच्या प्रबोधिनीतच नेमणुकीवर होते. अठरा-एकोणीस वर्षांचा कॅडेट त्यांच्यासमोरून जाताना वरचा कोण नि खालचा कोण, हे लेखकाने मला सांगावं.

ब्रिटिशांच्या सँडहर्स्ट लष्करी प्रबोधिनीतला एक किस्सा सगळ्या फौजांत फिरतो. सार्जंट मेजर नव्या कॅडेटांना म्हणतो, मी तुम्हाला सर म्हणेन, तुम्ही मला सर म्हणाल, फरक इतकाच की तुम्ही ते मनापासून म्हणाल. आमच्याकडे एवढं बोलत नाहीत, फ्रंट रोल देतात, म्हणजे जमिनीवर कोलांट्या.

एका पासिंग आउटच्या आदल्या दिवशी एका कॅडेटचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, “उद्या तुम्हालाच माझ्या मुलाला सॅल्यूट करावा लागणार. आज चारचौघांत झापताय त्याला, बरं दिसतं का?” मोठ्या हुद्द्यावरचे गृहस्थ असावेत, ऐकून घ्यायची सवय दिसली नाही. मी म्हटलं, “साहेब, उद्या करीन तो सॅल्यूट कडकच करीन. आज मात्र त्याची टाच चुकतेय.” त्यांना काही पटलं नाही. मुलगा कानकोंडा होऊन बुटांकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर तारे लागले आणि मी समोर जाऊन सॅल्यूट केला. त्याने उत्तरादाखल केलेला सॅल्यूट ढिला पडला, कोपर खाली आलं. सवयीने माझं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ते कोपर वर करायला सांगण्याचा हक्क आता माझा राहिला नव्हता.

सगळे उस्ताद, म्हणजे आम्ही शिकवणारे, धुतल्या तांदळासारखे असतात असं मी म्हणणार नाही. उद्या हा आपल्याला हुकूम सोडणार, मग आजच वसूल करून घेऊ, असा हिशेब ठेवणारे एक-दोघं माझ्याबरोबरही होते. नाव शिस्तीचं, रगडा आकसाचा. अशा उस्तादाकडून कॅडेट एवढंच शिकतो की माणूस हाताखाली सापडला की पिळून घ्यायचा, आणि पुढे कंपनीत जाऊन जवानांना तेच करतो. लेखकाने यावर बोट ठेवलं असतं तर मी हे पत्र लिहायला बसलोच नसतो.

या वरचढपणाच्या भानगडीत न पडणारी मुलं मी पाहिली ती आर्मी कॅडेट कॉलेजची. ही आधी जवान असतात, परीक्षा देऊन येतात, डेहराडूनलाच तीन वर्षं शिकतात आणि मग इतर कॅडेटांबरोबर शेवटचं वर्ष काढतात. माझ्याच सेक्शनमधला एक लान्स नायक असा आला होता. रात्रीच्या गस्तीत वाट चुकली की नकाशा एकाच्या हातात असतो आणि डोंगर दुसऱ्यालाच माहीत असतो, हे त्याने जवान असताना अंगावर काढलेलं होतं. परेडवर मी त्याला इतरांइतकंच ओरडलो, थोडं जास्तच. आज तो कर्नल आहे. फोन आला की मी ‘सर’ म्हणतो, तो ‘उस्ताद’ म्हणतो, आणि दोघांपैकी कुणीही ते बदलायला तयार नाही.

आपला,
एक निवृत्त सुभेदार

ता. क. : लेखासोबतच्या छायाचित्रात डावीकडे काखेत पेस स्टिक धरून उभ्या असलेल्या गृहस्थांना आपण ‘लेफ्टनंट’ म्हटलं आहे. दोन तारे दोघांच्याही खांद्यावर असतात. ताऱ्यांखालची लाल-पिवळी-लाल पट्टी पाहावी. ते सुभेदार आहेत.