टाचण्या पाठीमागे असतात

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसलो, मग वाईट वाटलं. दुकानात निळाशार दिसलेला सदरा घरी जांभळट निघाला, आणि पुतळ्यावर बेतून शिवल्यासारखा बसलेला तोच तुझ्या अंगावर गोणपाटासारखा लोंबतोय! तू स्वतःच्या खांद्यांना दोष देतोयस. देऊ नकोस. मी काही दिवस दुकानाची काच सजवायचं काम केलंय, तुला ठाऊकच आहे. पुतळ्याला कुठलाच कपडा आपसूक बसत नाही. समोरून चापूनचोपून दिसावा म्हणून जास्तीचं कापड मागे ओढून टाचण्या मारतात, बाह्यांत कागदाचे बोळे कोंबतात. पाठ भिंतीकडे, म्हणजे झालं!

रंगाचं म्हणशील, तर त्यात लबाडी असेलच असं नाही. कापड तेच असतं. उजेड बदलला की डोळ्याला रंग वेगळा दिसतो. म्हणून जाणतं गिऱ्हाईक कापड दारापाशी, उन्हात नेऊन बघतं. तू नेलं नसणार. तोवर मनातल्या मनात सदरा घालून तू मिरवूनही आला असशील.

एक गंमत सांगतो. १८९७ साली शिकागोत एल. फ्रँक बॉम नावाच्या गृहस्थाने दुकानांच्या काचा कशा सजवाव्यात यावर चक्क मासिक काढलं, 'द शो विंडो'. १९०० मध्ये याच विषयावर त्याचं पुस्तक आलं, आणि त्याच वर्षी 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' ही मुलांची गोष्टही. त्यातलं पाचूचं नगर हिरवंगार दिसतं, कारण वेशीवरच प्रत्येकाला हिरवा चष्मा चढवून वर कुलूप घालतात! काचा सजवणाऱ्याला हे सुचलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

मला त्या कामाचा राग येत नाही. काच रिकामी ठेवून दुकान कोण चालवेल? राग येतो तो "पुतळ्यावरचाच द्या" म्हटल्यावर "तो विकायचा नाही" असं उत्तर मिळतं तेव्हा. असो. सदरा टाकू नकोस, शिंपी दोन्ही बाजूंनी आत घेऊन देईल. रंगाला मात्र इलाज नाही.

आणि हो, गेल्या खेपेला तू म्हणालास, "किती टापटीप राहतोस रे!" अरे, तू जिना चढत होतास तेव्हा मी अंथरूण, रद्दी, धुवायचे कपडे, सगळं कपाटात कोंबत होतो. तू बसलास आणि मी तासभर कपाटाच्या दाराला पाठ लावून उभा होतो, आठवतंय? पुढच्या वेळी आलास की खुशाल उघड. फक्त जरा बाजूला उभा राहून.

तुझाच,
तोच तो टापटीप