खोली आणि रंग एकाच क्षणाचे हवेत

संपादक महोदय, स.न.वि.वि.

हल्ली थ्रीडी कॅमेऱ्यांवर बरंच छापून येतं, पण रिझोल्यूशन किती आणि अचूकता किती मिलिमीटर एवढ्यावरच बातमी संपते. खरी गोम वेळेत आहे, म्हणून हे पत्र.

यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मुळात दोन कॅमेरे असतात, एक रंगीत चित्र घेतो आणि दुसरा चित्रातला प्रत्येक ठिपका किती लांब आहे ते, म्हणजे खोली, मोजतो. २०१० ला मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा असा कॅमेरा आला, तो इन्फ्रारेड ठिपक्यांची नक्षी समोर टाकायचा आणि ती कुठे किती सरकली त्यावरून अंतर काढायचा, सेकंदाला ३० वेळा. २०१३ च्या किनेक्टने पद्धतच बदलली, प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. आता प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे साधं घड्याळ लावून काम भागत नाही, प्रकाश झरझर कमीजास्त करतात आणि परत आलेली लाट किती मागे पडली ते बघतात, आणि त्यासाठी खोलीच्या एका चित्रामागे अनेक शॉट घ्यावे लागतात.

घोळ इथेच होतो. सेकंदाला २ मीटर वेगाने हललेला हात एका फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागात, सुमारे ६.७ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, त्यात रंगीत लेन्स बाजूला बसवलेली आणि तिचं शटर वेगळ्याच क्षणी उघडलेलं, मग हाताचा रंग मागच्या भिंतीवर चिकटतो आणि कडेचे ठिपके हवेत कुठेतरी लोंबकळतात. हे मी कामात रोज बघते. रोबोट सरकत्या पट्ट्यावरची वस्तू उचलायला जातो तेव्हा ती तिथून कधीच पुढे गेलेली असते!

सॉफ्टवेअर सांभाळून घेईल असं म्हणतात ते अर्धंच खरं. दोन लेन्समधलं अंतर कॅलिब्रेशनने, म्हणजे आधीच मोजून ठेवून, जुळतं, पण निसटलेला क्षण परत आणता येत नाही. त्याला दोन्ही शटर एकाच ट्रिगरवर, म्हणजे एकाच इशाऱ्यावर उघडणारे हवेत, एक्सपोजर अगदी कमी हवं आणि त्यासाठी प्रकाश जोरदार हवा. काच, आरसा, कडक ऊन यात खोली फसते ते वेगळंच, तरी तिथे रंगातली कड नीट मिळाली तर बराच आधार होतो, पण तीही त्याच क्षणाची असेल तरच.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी छापताना कंपनीला एवढं विचाराच: खोली एका शॉटमध्ये मिळते का, रंग त्याच क्षणाचा आहे का, आणि आकडे हलत्या वस्तूवर मोजलेत की टेबलावर ठेवलेल्या ठोकळ्यावर?

आपली,
एक वाचक