पक्यास पत्र : तिसरा डोळा, तुझी म्हैस आणि माझी शुगर

प्रिय पक्या,

तू पाठवलेला तो 'तिसरा डोळा जागृत करा' वाला व्हिडिओ बघितला, पोटभर हसलो, पण नेमका त्याच आठवड्यात माझा रिपोर्ट आला होता, उपाशीपोटी शुगर ११८. डॉक्टरांनी विचारलं जेवता किती वाजता, मी म्हटलं नाइट शिफ्ट आहे, दोन-अडीचला कॅन्टीनमधे. ते नुसते बघत राहिले माझ्याकडे. तेव्हापासनं मी व्हिडिओवाले जिला तिसरा डोळा म्हणतात त्या पीनियल ग्लँडच्या मागेच लागलोय.

तर ही ग्लँड तांदळाच्या दाण्याएवढी, मेंदूच्या पार मधे. डोळा म्हणणं अगदीच थाप नाही बरं का. कुंपणावरचा सरडा आठवतो ना, ज्याला आपण दगड मारायचो (पाप लागलं असणार), त्याच्या टाळूवर एक बारका ठिपका असतो आणि त्याला खरंच उजेड-अंधार कळतो. आपली मात्र कवटीत गाडली गेलीय, तिला स्वतःला काहीच दिसत नाही, डोळ्यांकडनं निरोप यावा लागतो. आणि निरोपाचा रस्ता बघ, तहसीलच्या फाइलसारखा, डोळ्याच्या पडद्यापासनं मेंदूतल्या घड्याळाकडे, तिथनं खाली पाठीच्या कण्यात, मग मानेतल्या नसांच्या गाठीत, आणि तिथनं परत वर डोक्यात. एवढा वळसा घालून सांगायचं काय, तर रात्र झाली. मग ही मेलॅटोनिन नावाचं हार्मोन सोडते आणि ते रक्तातनं सगळीकडे फिरतं. १९५८ साली अमेरिकेत येलच्या अॅरन लर्नर नावाच्या स्किनच्या डॉक्टरनं गाईबैलांच्या हजारो ग्लँड गोळा करून ते शोधलं, त्याला कातडीच्या रंगाचं काहीतरी सापडवायचं होतं, बेडकाची कातडी मेलॅटोनिननं उजळते. माणसाची नाही, नाहीतर क्रीमवाल्यांनी सोडलं असतं होय!

आता तुझ्या कामाचं. तुझी म्हैस उन्हाळ्यात मुका माज करते, म्हणजे माजावर आलेली बाहेरनं कळतच नाही, भरवायला नेली की उलटते, गाभण राहत नाही, आणि दिवाळीच्या पुढे थंडीत बरोबर माजावर येते. तू ऊन आणि चाऱ्यावर ढकलतोस, ते आहेच, पण रात्र मोठी झाली की मेलॅटोनिन जास्त वेळ सुटतं, मेंदू त्यावरनं मोसम मोजतो आणि अंडाशयाला हुकूम जातो. घोडीचं उलटं, तिला मोठा दिवस लागतो. परदेशात तर मेंढ्यांच्या कानामागे मेलॅटोनिनची बारकी गोळी बसवतात आणि मोसमाआधीच माजावर आणतात. माणसात मोसमाचं एवढं काही उरलं नाही.

पण पोटाचं उरलंय, आणि तिथंच माझी गोची. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्सुलिन सोडतात ना, त्यांच्यावर मेलॅटोनिन ओळखणारी कुलुपं आहेत, रात्री ती किल्ली लागली की इन्सुलिन हात आखडतं. बरोबरच आहे, रात्री कोण जेवतंय? मी जेवतोय! स्वादुपिंडानं शटर अर्धं ओढलेलं, आणि मी बाहेरनं दोन वाजता बिर्याणीचा डबा आत सारतोय. काही लोकांच्या त्या कुलुपाची घडणच जन्मतः अशी असते की त्यांना शुगरचा धोका जरा जास्त, बाबांकडनं मला तेही आलं असेल तर बघायलाच नको. वजन आणि वडापाव आहेतच, सगळं ग्लँडवर ढकलत नाही मी.

त्यात ऑफिसातल्या पांढऱ्याफटक लाइटनं मेलॅटोनिन दबतं, म्हणजे शरीराला धड रात्रही कळत नाही. सकाळी सातला गाडीवर डोळ्यात ऊन घेत घरी यायचं आणि पडदे ओढून झोपायचं. रात्री बीपी जरा उतरायला हवं, त्यातही मेलॅटोनिनचा हात आहे म्हणतात. आणि गंमत म्हणजे आईची बीपीची जी गोळी आहे, बीटा ब्लॉकर, ती त्या मानेकडनं येणाऱ्या निरोपालाच आडवी येते, मेलॅटोनिन कमी पडतं, म्हणून कदाचित ती तीन वाजता उठून भांडी लावत बसते. डॉक्टरांना विचारतोच, गोळी आपल्या मनानं बंद करू नको असं तिला आधीच बजावलंय.

मॅनेजरकडे डे शिफ्ट मागितलीय, बघू म्हणालाय. तोवर बिर्याणी बंद, घरनंच आठला जेवून निघतो, दोनला भूक लागली तर मूठभर फुटाणे. गणपतीत गावाला येतोय, वहिनींना सांग साडेसातलाच पानं घ्या, आणि गोठ्यातला तो मोठा एलईडी रात्रभर का जळतो ते तेवढं मला सांग.

तुझाच,
बाळ्या