काचेचं छप्पर आणि टायरवरचे चार आकडे

चाळीसगाव,
दि. १४ जून

चि. गौरी हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास. तिकडे ब्रिटनमध्ये जुनी पोर्श घ्यायची म्हणालीस, मी 'असल्या भंगारात पैसे घालू नकोस' म्हणालो, त्यावर तू जे बोललीस ते खोटं नव्हतं, पण ते जाऊ दे. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलते. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

सोळाही फोटो चष्मा लावून पाहिले. गाडी देखणी आहे, मान्य. २००३ ची पोर्श ९११ टार्गा, ९९६ मालिकेतली, ३.६ लिटर, ३२० अश्वशक्ती, सहा गिअर. पण सोळापैकी एकाही फोटोत टायरची बाजू वाचता येत नाही. त्यावर नंतर येतो.

आधी छप्पर, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय. जुन्या टार्गात डोक्यावरचा भाग हातानं काढून ठेवायचा आणि मागे पोलादी कमान असायची. १९९६ च्या सुमारास आधीच्या ९९३ मालिकेतली टार्गा आली तेव्हा ती कमान गेली आणि सबंध माथाच काचेचा झाला. तुझ्या गाडीतही तसंच. बटण दाबलं की पुढे वाऱ्याची पट्टी उभी राहते, वरची काच जरा खाली बसते आणि मागच्या काचेखाली सरकत जाते. म्हणजे छप्पर उघडं असताना आरशात तू दोन काचांमधून मागचं बघणार, तेही काळसर काचांमधून. दिवसा चालतं. रात्री मागच्या गाडीचं अंतर चुकतं. रात्रपाळी संपवून येताना छप्पर बंद ठेवत जा.

काच ओढायला दोन्ही बाजूंनी केबल असतात. दोन्ही सारख्या ओढल्या तर ठीक. एका बाजूची सैल पडली किंवा प्लास्टिकचा सरकता तुकडा झिजला की काच तिरकी होते आणि अडकते. स्टेशन रोडवरची दुकानं आठव, एका अंगानं अडकलेलं शटर कसं वाकडं होतं, तसंच. फरक इतकाच की शटरला लाथ मारता येते. इथे बटण पुन्हा पुन्हा दाबलं की मोटार ओढत राहते आणि तुकडा तुटतो. म्हणून बघायला जाशील तेव्हा छप्पर तीन वेळा पूर्ण उघड, तीन वेळा बंद कर, एकदा अर्ध्यावर थांबव. शिवाय गाडीबाहेर उभी राहून दुसऱ्याला बटण दाबायला सांग आणि दोन्ही कडा एकाच वेळी सरकतात का ते बघ. आतला पडदाही वेगळा चालवून बघ. विकणारा म्हणाला, 'बॅटरी डाऊन आहे, आज छप्पर नको,' तर चहा न घेता निघून ये.

मग पाणी. छपराच्या कडेला पन्हळ असते, तिथून पाणी कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली जातं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत या नळ्या पानांच्या चिखलानं तुंबतात आणि पाणी आत उतरतं. ९९६ मध्ये कुलपाचं आणि चावी ओळखण्याचं कंट्रोल युनिट सीटखाली जमिनीलगत आहे. ते भिजलं की गाडी तुला ओळखेनाशी होते, चावी हातात असून चालू होत नाही. गालिच्याखाली हात घाल. नुसता वरून फिरवू नको, खालचा फोम दाबून बघ. नुकताच वास मारणारा फवारा मारलेला असेल तर तेही उत्तरच आहे.

ही गाडी कापडी टपाच्या उघड्या कॅब्रिओलेच्या सांगाड्यावर बांधलेली आणि पक्क्या छपराच्या नेहमीच्या कूपेपेक्षा साधारण ७० किलोनं जड असते. ते वजनही वर, डोक्याच्या उंचीवर. त्यामुळे खराब रस्त्यावर कुरकुर होणारच. थोडी कुरकुर म्हातारपणाची समज. पण खडखड आली तर रूळ झिजलेत. ते काम सगळ्यांना येत नाही आणि येतं तो सांगेल तो भाव.

चांगल्या बाजूही लिहितो, नाहीतर म्हणशील आप्पांना सगळ्यातच खोट दिसते. तुमच्याकडच्या डिसेंबरात चार वाजता अंधारतं, तेव्हा डोक्यावर आभाळ असणं हे मोठंच सुख. कापडी टपापेक्षा काच शांत, शिवाय कुणी चाकूनं फाडू शकत नाही. आणि मागची काच डिकीच्या झाकणासारखी उचलते, ही सोय ९११ ला याच टार्गापासून आली. मागच्या सीट पाडल्या की तुझं सामान, ती मोठी बॅगसुद्धा, आरामात मावेल. आजी मात्र एकच धरून बसलीय : "काच फुटनी ते पोरना डोकावर पडी ना!" तिला काय सांगू? विमा घेशील तेव्हा एवढं विचार की पुढच्या काचेच्या संरक्षणात छपराची काच धरली आहे का. पुष्कळ पॉलिसींत ती धरत नाहीत.

आता टायर. टायरच्या कडेवर डॉट लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. जाहिरातीत 'खाचा भरपूर' लिहिलंय. कमी चाललेल्या गाडीच्या खाचा भरपूरच असतात, रबर मात्र खापरासारखं कडक झालेलं असतं. सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर खाचा बघूच नको, चारही नवीन घाल. नानांच्या जीपचे टायरही वरून नवेच दिसत होते.

इंजिनाकडे वळतो. या गाडीत एक मधला दांडा आहे, क्रँककडून, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याकडून फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या साखळ्या चालवतो. त्याच्या एका टोकाला बंद बॉलबेअरिंग आहे, ते म्हणजे आयएमएस बेअरिंग. २००५ पर्यंतच्या या इंजिनांत एकेरी ओळीचं लहान बेअरिंग आहे. त्याचं सील जातं, आतलं ग्रीस धुतलं जातं, गोळ्या झिजतात. ते पूर्ण गेलं तर साखळीचा ताळमेळ सुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात आणि इंजिन संपतं. सगळ्यांचं जात नाही, पण जाईल ते सांगून जात नाही. जाहिरातीत 'बदललंय' असं आहे, पावती मात्र जोडलेली नाही. पावती माग. तीत किती मैलांवर, कुणाचं बेअरिंग आणि क्लच त्याच वेळी बदलला का, हे असायला हवं. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, त्यामुळे शहाणा मेकॅनिक क्लच आणि क्रँकचं मागचं सील त्याच फेरीत करतो. पावती नसेल तर बदललंच नाही असं धरून भाव कर.

शिवाय ऑइल फिल्टर काढायला लाव आणि तो कापून घडी न घडी उघडून बघ. चमकणारा भुगा दिसला, लोहचुंबकाला चिकटला, तर पुढे बोलूच नको. हे तुला कशाला सांगतोय मी. सातवीत असताना तूच आरीच्या पात्यानं फिल्टर कापून, घडी उलगडून, चुंबक फिरवला होतास आणि वर्कशॉपमधल्या मोठ्या पोरांना 'बघा, लोखंड आहे' म्हणून दाखवला होतास. शाळेच्या फ्रॉकला काळं लागलं म्हणून आईनं तुला नाही, मला ओरडलं होतं. त्या वर्षी अख्ख्या बॅचमध्ये फिल्टर कापायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

असो. दुसरं दुखणं सिलिंडरच्या भिंतीचं. ३.६ मध्ये सिलिंडरला उभे ओरखडे पडतात, बहुतेक वेळा सहाव्यापासून सुरुवात होते. खुणा तीन : इंजिन गरम झाल्यावर येणारी टकटक, तेल जास्त खाणं आणि मागच्या दोन्ही पायपांपैकी एकाच्या तोंडावर जास्त काजळी. बोट घालून दोन्ही बाजूंची तुलना कर. थंड इंजिन दाबून पळवलं की हा आजार लवकर येतो आणि तुमच्याकडे थंडीच थंडी. आत कॅमेरा घालून बघायला पैसे लागतात, ते दे. विकणाऱ्यानं तू पोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन चालू होताना पांढऱ्या धुराचा ढग उठला तर तेल-वाफ वेगळं करणारा भाग फाटलाय. तो बदलता येतो, त्यावरून गाडी सोडू नको.

पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर बघ. पानं साचून, वर रस्त्यावरचं मीठ बसून ते कुजतात. खाली ब्रेकच्या नळ्या आणि पुढच्या स्प्रिंगांचं टोक बघ. एमओटीचा, म्हणजे तुमच्याकडच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा इतिहास तर सरकारच्या साइटवर फुकट आहे, नंबर टाकून वाच. सलग तीन वर्षं एकच शेरा येत असेल तर मालकानं दुर्लक्ष केलंय. आणि कुणाकडे यंत्र असेल तर इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून मर्यादेपलीकडच्या फेऱ्यांची नोंद काढून घे. चुकून पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला असेल तर ते तिथे तासासकट लिहिलेलं असतं.

एक व्यवहाराचं : २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना तुमच्याकडे रस्ताकर कमी पडतो. त्यामुळे तिच्यानंतरची ९९७ टार्गा कुणी गळ्यात मारत असेल तर हिशेब कर. तिला चारही चाकांना ताकद आहे, पावसाला बरी आहे, पण दर वर्षी कर जास्त.

पाऊस आला म्हणून पुन्हा लिहितो. या गाडीचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे आहे. वळणावर घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की वजन पुढे जातं, मागचे हलके होतात आणि जड शेपूट बाहेर फिरते. कोरड्यावर टायर सांभाळून घेतात. ओल्यावर, कडक रबरावर, नाही. मागचे टायर रुंद आहेत, पाण्यावर लवकर तरंगतात. तुमच्याकडे कायद्यानं १.६ मिलिमीटर खाच चालते, तू ३ वर बदल. हवा थंड टायरला पुढे ३६, मागे ४४, १८ इंची चाकं असतील तर. गाडी घसरू लागली की आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेचं, पीएसएमचं, बटण डॅशबोर्डवर आहे का बघ. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना ते तेव्हा सरसकट येत नव्हतं. असेल तर ते बटण बंद करू नको. वळणाआधी वेग कमी कर, वळणात नाही. कन्नडच्या घाटात तुला हेच...

बघ, लेक्चर सुरू झालं. वर्ग संपल्याची घंटा आता माझ्यासाठी कुणी वाजवत नाही, म्हणून लांबतं. तू अठ्ठावीस वर्षांची आहेस, रात्रभर दुसऱ्यांना भूल देऊन सकाळी शुद्धीवर आणतेस, तुला गाडी सांभाळता येत नाही असं मला म्हणायचं नाही. भीती वाटते ती कशाची, ते तुला ठाऊक आहे.

पैशांचं एवढंच : गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल तर थांब. ठेवता येत असेल तर घे. आणि पुढेमागे इकडे आणायचं मनात असेल तर काढून टाक. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आपल्याकडे आयात करू देत नाहीत. तसंही काचेचा माथा घेऊन मे महिन्यात इथे कुठे जाणार? ४४ अंशांत आत बसून पापड भाजशील.

आईनं लोणच्याचं विचारलंय, कुरियरनं पाठवू का. आजीचे गुडघे बरे आहेत. दादाचा ट्रॅक्टर परत दारात आलाय, हायड्रॉलिक.

तुझा,
आप्पा

ता. क. डॉटचे ते चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. कधी कधी टायर बसवताना ती बाजू आत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तेव्हा 'तारीख नाहीच' हे ऐकून घेऊ नको. स्टिअरिंग पूर्ण वळवून, मोबाइल चाकामागे घालून फोटो काढ. मागच्या चाकांना वाकावं लागेल, जुने कपडे घालून जा. चारही पाठव.