खोका क्रमांक १७ परत मिळण्याबाबत आणि परस्पर बदललेल्या वाहनाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : घर हलवताना न मिळालेला खोका, करार मोडून बदललेले वाहन आणि त्यातून झालेले नुकसान

महोदय,

या महिन्याच्या ५ तारखेला आपल्या कंपनीने आमचे बिऱ्हाड नव्या घरी हलवायला घेतले. आज २४ तारीख. यादीतला खोका क्रमांक १७ अजून आमच्या हाती आलेला नाही आणि त्याच्या जागी दुसऱ्याच कुटुंबाचा एक खोका आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन पडला आहे. मी तीन वेळा फोन केला, दोन वेळा ई-मेल पाठवले. १८ तारखेला तुमच्या कार्यालयाकडून उत्तर आले की, खोका गहाळ धरून वजनानुसार भरपाईचा अर्ज भरावा. मी तो अर्ज भरलेला नाही, भरणारही नाही. मला खोका हवा आहे. तो कुठे गेला असेल याचा माग आमच्याच घरात पडलेला आहे आणि तुमच्याकडून कोणी तो बघायलाही आलेले नाही.

त्या खोक्यात काय आहे ते आधी सांगते, कारण तुमच्या कागदावर त्याची नोंद 'किरकोळ सामान' अशी आहे.

माझ्या सासूबाईंचे वय ७८. गेली चार वर्षे त्यांना स्मृतिभ्रंशाचा त्रास आहे. जुनी माणसे, जुने प्रसंग त्यांना आठवतात. सकाळी घडलेले दुपारी आठवत नाही. अशा माणसाला नवे घर सहजी शिकता येत नाही. जुन्या घरात त्या रात्री उठून अंधारातही न्हाणीघरापर्यंत जाऊन परत येत. ती वाट त्यांना आठवावी लागत नव्हती, पायांनाच ठाऊक होती. डॉक्टरांनी आम्हाला बजावले होते की, घर बदलणे टळत नसेल तर निदान त्यांची खोली बदलू देऊ नका. पलंग दारापासून त्याच बाजूला, उशाशी तोच दिवा, समोरच्या भिंतीवर तेच घड्याळ, अंगावर तेच पांघरूण. आणि हे सगळे त्यांनी नव्या खोलीत पहिले पाऊल टाकण्याआधी जागच्या जागी हवे.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी आम्ही त्यांच्या खोलीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले, पलंग आणि भिंत यांच्यातले अंतर टेपने मोजले. घड्याळ, दिवा, पांघरूण, उशीचा अभ्रा, सासऱ्यांचा फोटो, लोकरीची पिशवी आणि तिच्यातले अर्धे विणलेले मफलर एका खोक्यात भरले. खोक्याच्या चारही बाजूंवर जाड मार्करने लिहिले, 'आई – आधी उघडा'. तो खोका म्हणजे १७.

पाहणीला आलेल्या तुमच्या माणसाला मी हे सगळे समजावले होते. त्याने मनापासून ऐकून घेतले, हे मुद्दाम नमूद करते. "हा शेवटी चढवू, म्हणजे तिकडे सगळ्यात आधी उतरेल," असे तोच म्हणाला आणि यादीच्या शेऱ्याच्या रकान्यात त्याने तसे लिहिलेही. ५ तारखेला संध्याकाळी खोका खरोखरच सर्वांत शेवटी, गाडीच्या दाराशी ठेवला गेला. दार लावण्याआधीचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात खोका आणि गाडीचा क्रमांक दोन्ही स्पष्ट दिसतात.

गाडी ६ तारखेला दुपारी तीनपर्यंत पोहोचणार होती. आली ७ तारखेला रात्री दहा वाजता आणि तिचा क्रमांक वेगळा होता.

आपल्या करारात 'स्वतंत्र वाहन, वाटेत माल न उतरवता' असे लिहिले आहे. दोन पर्यायांतला हा महागडा पर्याय आम्ही केवळ आईंसाठी घेतला होता. चालकाने सरळच सांगितले की, त्याने माल तुमच्या गोदामातून उचलला आणि त्याच गाडीत आणखी एका गिऱ्हाइकाचे सामान होते, ते आधी उतरवून तो आमच्याकडे आला. आमच्या खोक्यांवर आमच्या क्रमांकाशेजारी लाल शाईने दुसरे आकडे पडले होते, तेही गोदामातच पडले असणार.

गाडी बदलल्याने काय होते, हे तुमच्या धंद्यातल्या माणसांना मी सांगायला नको, तरी लिहिते. पहिल्या गाडीत जो खोका दाराशी होता तो गोदामात सर्वांत आधी उतरला, आणि आधी उतरलेला खोका दुसऱ्या गाडीत आधी चढून पार तळाशी गेला. आमची सगळी मांडणी उलटी झाली. 'आधी उघडा' लिहिलेले चार खोके होते. त्यांतले तीन रात्री दीडनंतर, सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. चौथा आलाच नाही.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. दार उघडण्याआधी तुमच्या माणसाने पोचपावती पुढे केली. तिच्यावर 'सर्व सामान सुस्थितीत मिळाले' असे आधीच छापलेले होते. सामान न बघता सही कशी करू, असे मी विचारले, तर सहीशिवाय दार उघडता येणार नाही, असे उत्तर मिळाले. रात्रीचे दहा वाजलेले, सात वर्षांची मुलगी जिन्यातच झोपलेली. मी सही केली आणि शेजारी लिहिले, 'मोजणी व तपासणी बाकी'. तुमच्या ई-मेलमध्ये माझ्या सहीचा उल्लेख आहे. तिच्या शेजारच्या या चार शब्दांचा नाही. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

खोके उतरवून झाल्यावर मोजले. पुरे ६४ भरले. त्यामुळे तुमचा माणूस सगळे मिळाले म्हणून निघून गेला. सकाळी आम्ही यादी घेऊन एकेक क्रमांक ताडून पाहिला तेव्हा कळले की, १७ क्रमांकाचा खोका आमचा नाहीच. तो लहान आणि जड आहे, आमचा मोठा आणि हलका होता. त्यावर एका लहान मुलाच्या अक्षरात 'माझी पुस्तके' असे लिहिले आहे. ग्राहकाचा सांकेतिक क्रमांक वेगळा आहे. म्हणजे गोदामात दोन गिऱ्हाइकांचे दोन '१७' एकमेकांशेजारी आले आणि कोणीतरी फक्त आकडा पाहून खोका उचलला. आमचा खोका बहुधा त्या कुटुंबाकडे आहे. आम्ही त्यांचा खोका उघडलेला नाही, कोरडा आणि जमिनीपासून उंच ठेवला आहे. एका मुलाची पुस्तके सतरा दिवस आमच्याकडे अडकून पडली आहेत, याचेही मला वाईट वाटते. त्या कुटुंबाचा फोन क्रमांक तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. हे सगळे मी ८, ११ आणि १५ तारखेला तुमच्या मदत क्रमांकावर सांगितले. दर वेळी तक्रारीचा नवा क्रमांक मिळाला.

आता आईंबद्दल. पहिल्या दोन रात्री पलंगही नव्हता, आम्ही सगळे सतरंजीवर झोपलो. त्याचे काही नाही, घर बदलताना एवढे चालतेच. पण आठव्या तारखेला पलंग लागल्यावरही त्या खोलीत आई थांबेनात. रात्री उठून सवयीने डावीकडे वळायच्या. इथे डावीकडे भिंत आहे. तिसऱ्या रात्री कपाळ आपटून टेंगूळ आले. दिवसभरात आठ-दहा वेळा विचारायच्या, "आपण घरी कधी जायचं?" हेच घर आहे असे म्हटले की समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघायच्या. तिथे घड्याळ असायला हवे होते. आम्ही तसेच दिसणारे दुसरे घड्याळ आणून लावले. त्याचा आवाज वेगळा आहे, त्या ओळखतात. माझ्या मुलीने कागदावर चित्रे काढून दारांवर चिकटवली आहेत, न्हाणीघराच्या दारावर बादली आणि आजीच्या दारावर चष्मा. त्याचा थोडा उपयोग होतो. स्वतःचा उशाशी लावायचा छोटा दिवाही तिने आजीला देऊन टाकला आणि आता ती अंधाराला घाबरून आमच्यात झोपते.

तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर 'तणावमुक्त स्थलांतर' असे शब्द आहेत. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यात ताण आणणाऱ्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घर बदलण्याला २०. हे वीस गुण सर्वसाधारण माणसांचा विचार करून दिलेले आहेत. ज्यांना आपण घर बदलले आहे हेच रोज नव्याने कळते, त्यांच्यासाठी ते किती धरायचे? ताण नाहीसा करा असे मी म्हणत नाही, ते कोणाच्याच हातात नाही. पण तो कमी करायची जी एक गोष्ट आम्ही ठरवली होती, ती तुम्ही कबूल करून मोडली.

बाकीच्या नुकसानीबद्दल थोडक्यात लिहिते.

दुसरी गाडी उंचीला कमी होती, म्हणून फ्रिज आडवा घालून आणला. आडव्या फ्रिजमधले कॉम्प्रेसरचे तेल नळ्यांत उतरते. ते परत बसायला फ्रिज बराच वेळ उभा ठेवावा लागतो, लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर बिघडू शकतो. तुमचा माणूस मात्र "लावून बघा, चालतोय की नाही" म्हणत पिन घेऊन उभा होता. आम्ही २४ तास थांबलो. माझ्या यजमानांना इन्सुलिन घ्यावे लागते आणि न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. प्रवासासाठी घेतलेली थंड पेटी ६ तारखेच्या दुपारच्या हिशेबाने भरली होती. शेवटी वरच्या मजल्यावरच्या एका बाईंचे दार मी वाजवले. त्यांना तोवर माझे नावही माहीत नव्हते, तरी त्यांनी कुप्या आपल्या फ्रिजमध्ये ठेवून घेतल्या. नव्या घरातली आमची पहिली ओळख ती.

वॉशिंग मशीनचे ड्रम वाहतुकीत हलू नये म्हणून मागून घट्ट करायचे बोल्ट पिशवीत घालून मशीनलाच चिकटवून ठेवले होते. ते न लावताच मशीन हलवले. स्प्रिंगांवर लटकलेले ड्रम वाटभर आपटत आले असणार. पिळताना आता ते ठणठण वाजते आणि जागेवरून सरकते. दुरुस्ती करणाऱ्याचा लेखी अहवाल जोडला आहे. शिसवी कपाटाला आधी कागद किंवा कापड न गुंडाळता बबल रॅप थेट पॉलिशवर लावला आणि तो ठरल्यापेक्षा जवळजवळ दीड दिवस जास्त तसाच राहिला. दोन्ही दारांवर गोल गोल डाग उठले आहेत.

पहिल्या दिवशी बांधाबांध करणाऱ्या मुलांबद्दल मात्र माझी काहीही तक्रार नाही. त्यांनी प्रत्येक ताट कागदात गुंडाळून उभे रचले, जड पुस्तके लहान खोक्यांतच भरली. एवढ्या दगदगीत एक कपही फुटला नाही. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत, पण हे त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा. बिघडले ते सगळे आमच्या दारातून गाडी निघाल्यानंतर.

माझ्या मागण्या अशा. ५ तारखेला आमचे सामान ज्या गोदामात उतरवले गेले तिथली आवक-जावक नोंद काढून, त्या गाडीतून ज्यांचे सामान गेले त्या कुटुंबाला आजच फोन करावा आणि दोन्ही खोके आपापल्या घरी पोहोचवावेत. गाडी कोणाच्या सांगण्यावरून बदलली आणि आम्हाला का कळवले नाही, याचे लेखी उत्तर द्यावे. स्वतंत्र वाहनासाठी जे जादा पैसे घेतले ते परत करावेत. वॉशिंग मशीनची दुरुस्ती आणि कपाटाचे पॉलिश तुमच्या खर्चाने करून द्यावे. दार उघडण्याआधी सही घेण्याची पद्धत बंद करावी, निदान मोजणीसाठी पावतीवर वेगळी जागा ठेवावी. पहिल्या मागणीसाठी मी तीन दिवस थांबेन, बाकीच्यांसाठी पंधरा. त्यानंतर ही सगळी कागदपत्रे घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

शोधणाऱ्याच्या सोयीसाठी खोक्याचे वर्णन देते. तपकिरी पुठ्ठा, साधारण गुडघ्याइतका उंच, वजन सहा-सात किलो. चारही बाजूंवर काळ्या मार्करने 'आई – आधी उघडा', वरच्या झाकणावर निळी चिकटपट्टी, एका कोपऱ्यावर माझ्या मुलीने लावलेला पिवळ्या फुलाचा स्टिकर. आत काचेचा फोटो आहे, म्हणून खोका उभाच ठेवावा, त्यावर दुसरे काही रचू नये. घड्याळातला सेल आम्ही काढलेला नाही, खोका कानाशी धरला तर टिकटिक ऐकू येईल. सापडला की दिवस-रात्र न बघता फोन करावा. गाडी पाठवायची वाट बघू नका, असेल तिथून आम्ही स्वतः येऊन घेऊन जाऊ.

आपली,
(सही)
करारावरील ग्राहक

सोबत : करार, शेऱ्यासह सामानाची यादी, दोन्ही गाड्यांचे फोटो, पोचपावती, आमच्याकडे आलेल्या खोक्याचे फोटो, वॉशिंग मशीनचा अहवाल, कपाटाचे फोटो